शिक्षकाची जागा मागच्या रांगेत

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात योगवर्ग चालवणाऱ्याला लोक बरेच काही विचारतात. फी किती, गुडघे दुखत असतील तर चालेल का, साखर उतरते का, वजन किती दिवसांत कमी होईल. ‘तुम्ही स्वतः कोणाच्या वर्गाला जाता?’ असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न येत नाही, कारण शिक्षक म्हणजे शिकून झालेला माणूस अशी त्याची समजूत असते. शिक्षक एकमेकांना तो विचारत नाहीत, कारण लहान गावात अशा प्रश्नाचा खोचक अर्थ लगेच निघतो. एकाचा वर्ग मंदिराच्या सभामंडपात, दुसऱ्याचा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, तिसरीचा घराच्या गच्चीवर. सगळे एकमेकांना ओळखतात, रस्त्यात भेटले की नमस्कार होतो, पण एकमेकांच्या वर्गाची पायरी कोणी चढत नाही. माझे म्हणणे असे की ती चढली पाहिजे. आपल्याच गावातल्या दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात फी भरून, मागच्या रांगेत सतरंजी टाकून बसणे हे योगशिक्षकाच्या कामातच धरले पाहिजे. त्याचे विनय म्हणून कौतुक करायला नको आणि त्यात कमीपणाही मानायला नको.

याचे पहिले कारण निव्वळ शारीरिक आहे. त्रिकोणासन घ्या. शिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा असतो. समोरच्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून तो तोंडाने ‘उजवा पाय’ म्हणतो आणि स्वतः डावा टाकतो, आरशातल्यासारखा. एक बाजू नीट दाखवून झाली की दुसऱ्या बाजूला तो बहुधा आसनात थांबतच नाही. रांगांमधून फिरत कोणाचा गुडघा सरळ कर, कोणाचा खांदा मागे घे, यात तो गुंततो. म्हणजे वर्षानुवर्षे एकच बाजू पुरी होते आणि दुसरी अर्धवट राहते. शिवाय आसनात असताना तो बोलत असतो. बोलताना श्वास बाहेर पडतो. विद्यार्थ्यांना ‘श्वास घ्या’ सांगण्याच्या क्षणी शिक्षकाचा श्वास सुटत असतो. मान वर्गाकडे वळलेली, नजर शेवटच्या रांगेवर, कान दाराकडे. अशा अवस्थेत केलेल्या आसनाला प्रात्यक्षिक म्हणता येईल, अभ्यास म्हणता येणार नाही. पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख एवढेच मागितले; रोज दोन-तीन वर्ग घेणाऱ्याच्या आसनात नेमके तेच कमी पडते. घरी एकट्याने साधना करणारे शिक्षक आहेत, नाही असे नाही. पण घरीही आपण जमतात तीच आसने पुन्हा पुन्हा करतो, आणि आपला एक खांदा खाली उतरला आहे हे आतून कळत नाही. बरीच वर्षे तिरके उभे राहिलेल्या शरीराला तिरकेच सरळ वाटू लागते. ते सांगायला बाहेरची नजर लागते. स्वतःच्या वर्गात ती एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्याकडे असली, तरी तो गुरुजींना किंवा मॅडमना तसे सांगायला धजत नाही.

दुसरे कारण सूचनांचे. रोज तेच ते बोलून शिक्षकाच्या सूचना घासून गुळगुळीत होतात. ‘खांदे सैल’, ‘पाठ ताठ’, ‘चेहऱ्यावर ताण नको’ ही वाक्ये तोंडातून आपोआप येतात. ऐकणाऱ्याच्या अंगापर्यंत ती पोहोचतात का, हे बोलणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, कारण त्याला स्वतःला ते आसन आधीच येत असते. दुसऱ्याच्या वर्गात बसल्यावर पुढची सूचना काय येणार हे ठाऊक नसते, आणि तेव्हाच शब्दांचे वजन कळते. पश्चिमोत्तानासनात एक शिक्षक म्हणतो, ‘कपाळ गुडघ्याला लावा’. हे ऐकताच पाठीची कमान होते, मान खाली ओढली जाते आणि मांडीमागच्या शिरा जिथल्या तिथे राहतात. दुसरा म्हणतो, ‘बेंबी मांडीकडे न्या’. आता वाकणे खुब्यातून सुरू होते, कपाळ गुडघ्यापासून वीतभर वर राहिले तरी चालते. हा फरक पुस्तकात वाचून माहीत असणे वेगळे आणि सूचना घेणाऱ्याच्या जागी बसून तो अंगात उतरताना अनुभवणे वेगळे. शवासनाचेही तसेच. शिक्षक आपल्या वर्गात शवासन करतच नाही. तेवढ्या वेळात तो घड्याळ बघतो, हजेरीची वही उघडतो, पुढच्या तुकडीसाठी दार लोटून येतो. सतरंजीवर आडवे पडल्याशिवाय त्याला कळत नाही, की पाच मिनिटे किती लांब असतात, वहीची पाने उलटल्याचा आवाज किती मोठा येतो, आणि ‘उठा’ म्हणून एकदम टाळी वाजवली की छातीत कसे धस्स होते.

मग हे शिकायला पुण्याला किंवा नाशिकला जावे, गावातल्याच वर्गात कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्या संस्थेत जरूर जावे. पण गावातल्या वर्गात जे मिळते ते तिथे मिळत नाही. गावातल्या दुसऱ्या शिक्षकासमोर आपल्याच गावची शरीरे असतात. कन्नड तालुक्यातल्या ज्या बाया कापसाच्या हंगामात दिवसभर कमरेत वाकून बोंडे वेचतात, त्यांना पुढे वाकण्याची आसने शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्यांना गरज असते ती भुजंगासनासारख्या उलट वाकण्याची आणि खांदे मोकळे होण्याची. औट्रम घाटातून रोज चाळीसगावला गाडी घेऊन उतरणाऱ्याचे खुबे आणि मान यांचे दुखणे वेगळे. तहसील कचेरीत, बँकेत, शाळेत बसून काम करणाऱ्यांचे आणखी वेगळे. त्यात जुन्या पिढीची मांडी घालून आणि उकिडवे बसण्याची सवय अजून टिकून आहे, तर खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या मुलांना वज्रासनही जड जाते. शिक्षकाने प्रमाणपत्र घेतले ते कुठल्या तरी एका साच्यात. कोणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका केलेली असते, कोणी नाशिकच्या योग विद्या धाममधून आलेले असते, कोणी पतंजलीच्या शिबिरातून, कोणी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा देऊन. प्रत्येकाचा साचा निराळा, पण शरीरे तीच. त्या शरीरांसाठी दुसऱ्याने आपला साचा कुठे वाकवला, हे त्याच्याच वर्गात बसल्याशिवाय दिसत नाही.

आपल्याकडच्या योगाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. महाराष्ट्रात आधुनिक योगशिक्षणाचा पाया घालणारी दोन माणसे एकाच गुरूची शिष्य होती. गुजरातेत नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास हे ते गुरू. त्यांच्याकडून निघालेल्या मणिभाई देसाई ऊर्फ योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली आणि संसारी माणसाला झेपेल असा सौम्य, सोपा योग मांडला. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. ते आधी बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात देशी व्यायाम शिकले, मग अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थेत शिकवू लागले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेले की अमळनेर काही फार लांब नाही, म्हणून हा दुवा आपल्याला जवळचा वाटायला हरकत नाही. कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो ते मोजले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ते सगळे लोकांपुढे ठेवले. गुरूने दिले ते खरे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपली विद्या त्यांनी परक्या नजरेपुढे, म्हणजे यंत्रापुढे आणि वाचकांपुढे आणून ठेवली, आणि त्यामुळे गुरूचे नाव कुठे कमी झाले नाही.

पुढचा दाखला मुद्द्याच्या आणखी जवळचा आहे. म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवणारे तिरुमलै कृष्णम्माचार्य हे आधुनिक योगातले सर्वांत प्रभावी शिक्षक; बी. के. एस. अय्यंगार, पट्टाभी जोइस, देसिकाचार, इंद्रादेवी हे सगळे त्यांच्याच हाताखालून गेले. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना कैवल्यधामचे काम पाहण्यासाठी लोणावळ्याला पाठवल्याचे या इतिहासाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. स्वतःची शाळा असलेला शिक्षक दुसऱ्याची शाळा पाहायला जातो, यात त्या काळीही कोणाला वावगे वाटले नसावे. त्यांचे शिष्य अय्यंगार १९३७ साली शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि १९७५ साली त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. तिथे जगभरातून येणारे लोक नवशिके नसतात. आपापल्या देशात वर्षानुवर्षे वर्ग चालवणारे शिक्षक महिना-महिना येऊन विद्यार्थी म्हणून बसतात. खुद्द अय्यंगार उतारवयातही त्याच सभागृहात, इतर साधकांच्या देखत, आपली साधना करत. एवढ्या मोठ्या माणसाने आपले शरीर इतरांच्या नजरेआड ठेवले नाही. मग तालुक्याच्या गावच्या शिक्षकाने ते का ठेवावे?

यावर पहिला आक्षेप परंपरेचा. एका गुरूची पद्धत धरली की ती सोडू नये, चार ठिकाणी फिरणाऱ्याचे कुठेच मूळ धरत नाही, असे जुने लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. कपालभाती एक जण सावकाश, प्रत्येक झटका मोजून करवतो, दुसरा झपाट्याने. दोन्ही ऐकलेला शिक्षक सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरे सांगू लागला तर विद्यार्थ्याचे हाल होतील. पण परंपरा एकसंध असते हे गृहीतच तपासायला हवे. हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता हे दोन्ही प्रमाण ग्रंथ. दोन्हींत कुंभक आठच. पण पहिल्यातले सीत्कारी आणि प्लाविनी दुसऱ्यात नाहीत, त्यांच्या जागी सहित आणि केवली आहेत. हठप्रदीपिका पंधरा आसने सांगते, घेरंडसंहिता बत्तीस. वर पाहिल्याप्रमाणे एकाच गुरूच्या दोन शिष्यांची घराणी निराळी झाली. तेव्हा दुसऱ्याच्या वर्गात गेल्याने परंपरेत भेसळ होते, असे सरसकट म्हणता येत नाही. भेसळ होते ती ऐकलेले लगेच आपल्या वर्गात खपवल्याने. त्यावर उपाय सोपा: दुसऱ्याकडून पद्धत उचलू नये, प्रश्न उचलावा. ‘तो झटके सावकाश का करवतो?’ हा प्रश्न घरी आणावा, आपल्या गुरूंना विचारावा, स्वतःवर करून पाहावा. ज्याची निष्ठा पक्की आहे, त्याला हे करताना भीती वाटायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो: विद्यार्थी पळतील. शिक्षकच दुसऱ्याच्या वर्गात दिसला तर लोक म्हणतील, तो वर्ग याच्यापेक्षा चांगला असणार. किंवा उलट, यजमानाला वाटेल की हा माझी माणसे फोडायला आला. गावातल्या मिळकतीचा प्रश्न असल्याने हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. तरी वस्तुस्थिती अशी की तालुक्याच्या गावात माणूस वर्ग निवडतो तो मुख्यतः वेळ आणि अंतर पाहून. मुलाचा डबा करून सुटणारी बाई संध्याकाळच्या महिलांच्या वर्गाला जाणार. पहाटे दूध घालणारा माणूस पहाटेच्या वर्गाला येऊ शकत नाही. शैलीवरून वर्ग बदलणारे थोडेच. खरे नुकसान वेगळ्याच वाटेने होते. एखाद्याची कंबर वर्गात धरली, तर तो पलीकडच्या वर्गाला जात नाही, तो योगच सोडतो आणि ‘योगाने माझी कंबर गेली’ असे गावभर सांगतो. तेव्हा एका शिक्षकाच्या चुकीची झळ सगळ्याच वर्गांना लागते. गावातले वर्ग एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतीलही, पण योगावरचा लोकांचा विश्वास ही त्यांची सामाईक पुंजी आहे. ती सांभाळायची तर एकमेकांचे काम पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. बहुतेकांचे वर्ग पहाटे साडेपाच ते साडेसात याच वेळात. दुसऱ्याच्या वर्गाला जायचे तर आपला बंद ठेवावा लागतो. त्यातच कोणी सुचवते की यूट्यूबवर नामवंतांचे वर्ग फुकट आहेत, ते पाहावेत. व्हिडिओ पाहायला हरकत नाही. पण तिथे आपण शिक्षकाला पाहतो, शिक्षक आपल्याला पाहत नाही. शिवाय नको वाटले की थांबवता येते, पुढे ढकलता येते. वर्गात बसण्याचा सगळा अर्थ तर हाच, की वेळ आपल्या हातात नसते आणि नजर आपल्यावर असते. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग घेतलेल्या प्रत्येकाला हे पटेल: मोबाईलच्या चौकोनात विद्यार्थ्याची टाच जमिनीवर टेकली आहे की नाही, एवढे साधेही दिसत नसे. वेळेचा तिढा पूर्ण सुटणार नाही, पण सैल करता येतो. रविवारी एखादा वर्ग सावकाश उशिरा ठेवता येतो. पुरुष शिक्षकाला पुरुषांच्या आणि शिक्षिकेला महिलांच्या संध्याकाळच्या वर्गात जाता येते. आपला वर्ग महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या, जाणत्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवता येतो. हे शेवटचे तर दुहेरी फायद्याचे: त्यातून पुढचा शिक्षकही घडतो.

राहिला शेवटचा आक्षेप. दुसरा शिक्षक आपल्यापेक्षा कमी शिकलेला असेल, तर त्याच्यासमोर बसून काय मिळवायचे? आपल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहात याचे उत्तर आहे. रोज रात्री वेगळा कीर्तनकार उभा राहतो, आणि काल ज्याचे कीर्तन झाले तो आज मागे टाळकऱ्यांत टाळ वाजवत उभा असतो. पुढे उभा असलेला वयाने लहान असला, कच्चा असला, तरी मागच्याने ताल सोडायचा नसतो. वर्गातही शिस्त तीच हवी. आपण शिक्षक आहोत हे यजमानाला आधी सांगावे, लपून जाऊ नये. फी द्यावी. मागे बसावे. शेजारच्याचा हात सरळ करायला जाऊ नये, आपले जास्त जमणारे आसन करून दाखवू नये, सांगितले तेवढेच करावे. कच्च्या शिक्षकाकडूनही एक गोष्ट हमखास मिळते: चुकीची सूचना अंगाला काय करते याचा प्रत्यक्ष अनुभव. मात्र या शिस्तीला मर्यादा आहे. उच्च रक्तदाबाच्या माणसाकडून कोणी जोरदार भस्त्रिका करवत असेल, मानेचे मणके झिजलेल्या बाईला सर्वांगासनात उचलत असेल, तर गप्प बसणे हा विनय नव्हे. तेव्हाही वर्गात वाद घालू नये. वर्ग सुटताच एकट्याला गाठून स्पष्ट सांगावे, आणि उद्या तो आपल्या वर्गात बसून तसेच काही सांगेल तेव्हा ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठराव केला आणि २०१५पासून दर २१ जूनला गावातले सगळे योगशिक्षक एका मैदानावर येतात. पण तिथे सगळे मिळून पंचेचाळीस मिनिटांचा एकच ठरलेला क्रम करतात, फोटो निघतात आणि जो तो आपल्या वर्गाकडे परततो. सगळे एकच करत असल्यामुळे कोण कसे शिकवतो हे कोणाला कळत नाही. त्याच दिवशी शिक्षकांनी आपापसांत एक ठरवावे: महिन्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात बसायचे, आणि वर्ग झाल्यावर यजमानाने त्याला एकच विचारायचे, ‘माझी कोणती सूचना तुम्हाला कळली नाही?’ याला समिती नको, प्रमाणपत्र नको, शासनाचे अनुदान नको. परीक्षा माणसाला शिक्षक ठरवते ती एका दिवसापुरती. त्यानंतर वीस-वीस वर्षे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. शिक्षकाला न दिसलेली चूक शेवटी विद्यार्थ्याच्या गुडघ्यात किंवा कमरेत जाऊन बसते. ती तिथे पोहोचण्याआधी एखाद्या सहकाऱ्याच्या लक्षात यावी, यासाठी महिन्यातला एक तास आणि थोडा संकोच ही किंमत मोठी नाही.